चांदी बाहेर ठेवा

माझ्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता, आणि आमच्या सरांनी मला प्रयोगशाळेच्या दारात जोडवी काढायला लावली.

दाराशी स्टुलावर एक स्टीलची वाटी असायची. वर भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी होती. तिच्यावर सरांच्या किरट्या अक्षरात मराठी, गुजराती आणि हिंदी अशा तीन भाषांत एकच ओळ लिहिलेली होती, चांदी बाहेर ठेवा. पैंजण, अंगठी, कमरेचा छल्ला, गळ्यातला देवाचा टाक, जे काही चांदीचं असेल ते वाटीत जायचं आणि मग तुम्ही आत. लग्नाआधी मी हे हसत करत होते. अंगावर चांदी होतीच किती? पण हळदीचा रंगही न गेलेल्या पायांनी मी त्या स्टुलाशी उभी राहिले, तेव्हा मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "सर, पायातली जोडवी उडून फ्लास्कमध्ये जात नाहीत. हे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं."

सर म्हणाले, "मलेही कळते. काढ."

सर मूळचे अमरावतीकडचे. सुरतेत तीस वर्षं काढूनही त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. गुजराती ते फक्त दुकानात आणि रागात वापरायचे. माझं माहेर आणि सासर दोन्ही सुरतेतल्याच उधन्याचं. म्हणजे मूळ धुळ्याकडचं, पण आमच्या दोन पिढ्या लूमच्या आवाजात वाढल्या. आमच्या घरात पीएचडी करणारी मी पहिली. तेव्हा माझं काय पणाला लागलं होतं हे वेगळं सांगायला नको. सरांना मात्र ते कधी सांगूनही कळलं नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

चांदीचं एवढं वावडं कशासाठी, ते थोडक्यात सांगते. सोन्याचा एक अणू घ्या. एका बाजूनं त्याला एका रेणूतल्या कार्बननं धरलेलं असतं. त्या धरणाऱ्याला कार्बीन म्हणतात. दुसऱ्या बाजूला क्लोरीन बसलेला असतो. तो बसलाय तोवर सोनं काही काम करत नाही, बाटलीत पूड होऊन पडून राहतं. मग सगळं जग काय करतं, तर त्यात चांदीचा क्षार टाकतं. चांदी क्लोरीन ओढून घेते, फुटलेल्या दुधासारखा पांढरा साका खाली बसतो, आणि सोनं मोकळं होऊन दुसऱ्या रेणूंना भराभर जोडायला लागतं. सरांना ही चांदीच नको होती. ती महाग, उजेडात काळी पडणारी, हवेतलं पाणी पिणारी, आणि वर कारखान्याच्या सांडपाण्यात जाणारी. "एवढं सोनं घेऊन बसलो आपण," ते म्हणायचे, "आन् त्याले उठवाले आणखी एक दागिना मोडाचा?"

त्यांनी कार्बीनच्या खांद्यावर लोखंडाचा एक अणू बसवला होता. असं बाहेरही काही लोकांनी केलं होतं, पण सरांचा रेणू निराळा होता आणि आमच्याकडच्या साध्या उपकरणांवर होण्यासारखा होता. त्या लोखंडाचा एक इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण करायचं. त्यासाठी एक निळी पूड लागायची. ती टाकली की पिवळं द्रावण हिरवं व्हायचं. लोखंड उपाशी झालं की ते कार्बीनकडून ओढणार, कार्बीन सोन्याकडून ओढणार, आणि सोनं भुकेनं कामाला लागणार. क्लोरीनला कोणी हात लावायचा नाही. कल्पना एवढीच. पण या कामात चांदीचा कणही मिसळला तर सगळं फुकट, कारण मग कोणीही उठून म्हणणार की काम तुमच्या लोखंडानं नाही, चांदीनंच केलं. म्हणून ती वाटी.

म्हणून काजूकतलीही. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सगळं सुरत घारी ही मावा-तुपाची मिठाई खातं, आमचा विभागही खायचा. एका वर्षी आमचे विभागप्रमुख घारीबरोबर वर्ख लावलेली काजूकतली घेऊन स्वतः आमच्या प्रयोगशाळेत आले. चांगल्या मनानं आले होते बिचारे. सरांनी त्यांच्या हातातला बॉक्स उघडून पाहिला, बंद केला आणि त्यांना दंडाला धरून बाहेर नेऊन सोडलं. मग आम्हा तिघी विद्यार्थिनींकडून ओटे धुवून घेतले. दोनदा. चुंबकाच्या ढवळण्या नायट्रिक आम्लात उकळायला लावल्या. विभागप्रमुख व्हरांड्यात बॉक्स धरून उभेच होते. तो अपमान त्यांनी जपून ठेवला. मला त्यांचा राग आहे आणि तो मी पुढे सांगणारच आहे, पण त्या दिवशी मी त्यांच्या बाजूची होते.

जोडव्यांचं माझ्या सासूबाईंना दोन दिवसांत कळलं; बसच्या घाईत मी ती वाटीतच विसरून घरी गेले होते. बाईंनी वीस वर्षं जरीच्या कारखान्यात काढली होती. कशाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याबरोबरच बसमध्ये चढल्या, आणि थेट प्रयोगशाळेच्या दारात.

"मास्तर, मनी सून मोकया पायसनी घर वनी. हाई काय रीत शे?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी मात्र त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. खुर्ची अर्थात दाराबाहेर, कारण सासूबाईंच्या अंगावर पावशेर चांदी होती.

"मावशी," सर म्हणाले, "तुमच्या सुनेच्या पायाशी माझं काही भांडण नाही. मले सोन्याले उठवाचं आहे, चांदीबिगर. उद्या कोणी मले विचारलं का तुमच्या खोलीत चांदी होती का, तर मले नाही म्हणता आलं पाह्यजे. 'होती, पण पायात होती' असं सांगत बसू का मी?"

"बिगर चांदीनं सोनं उभं ऱ्हास का?" सासूबाई म्हणाल्या. "मी वीस वरीस जरी पाही. रेशीमवर चांदीनी तार ऱ्हास, तिनावर सोनं. खाले चांदी नई व्हई ते सोनं कसावर बठी? तुमनं सोनं काय येगळं शे?"

सर खूश झाले. एवढे खूश झालेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. त्यांनी दाराच्या चौकटीवर खडूनं सोनं काढलं, कार्बीन काढला, लोखंड काढलं. सासूबाईंनी प्रत्येक ठिकाणी हरकत घेतली. तासभर दोघं भांडत होते, एक अहिराणीत आणि एक वऱ्हाडीत, आणि मी मध्ये उभी. माझ्या पायांचं काय, हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. "हयदना दोरा बांधी देसू," म्हणाल्या. मी पुढची तीन वर्षं प्रयोगशाळेत पायाच्या बोटांना हळदीचा दोरा बांधून वावरले. पहिल्या दिवशी सरांनी वाकून तो दोरा भिंगातून पाहिला. जरीचा तर नाही ना, म्हणून.

परतताना बसमध्ये सासूबाई म्हणाल्या, "मानूस येडा शे, पन खोटा नई." मला त्यांचाही राग आला. माझी बाजू घ्यायला आलेली माणसं अशी परस्पर दुसरीकडे जातात.

सरांचं वेड सांगायचं तर कितीतरी सांगता येईल. त्यांनी प्रत्येकीची काचेची भांडी वेगळी ठेवली होती आणि तळाला लाल रंगाचा ठिपका दिला होता. ठिपक्याचं भांडं खोलीबाहेर गेलं की ते परत यायचं नाही, फोडलंच जायचं. ते निकाल ऐकून घेत नसत, प्लेट समोर ठेवावी लागायची. प्लेट म्हणजे काचेची बोटभर पट्टी. तिच्यावर द्रावणाचा ठिपका देऊन ती आयोडीनच्या वाफेत धरली की तपकिरी डाग उमटतात. खालचा डाग म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, आणि वरचा डाग आला की समजायचं, सोन्यानं काम केलं. आणि दुसऱ्यांना तोंडानं पिपेट ओढल्याबद्दल झोडपून काढणारे सर स्वतः मात्र तोंडानंच ओढायचे. "माह्या तोंडावर माहा भरोसा आहे," म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "आणि आमच्यावर?" ते म्हणाले, "तुमच्यावर कायले ठेवू? तुमच्या वह्या आहेत न."

याचा मला फार राग यायचा. आता ऐका मी काय केलं ते.

ती निळी पूड बनवायची सरांची एक पद्धत होती. क्विनोन आणि आम्ल घेऊन करायची, गाळायची, गार ईथरनं धुवायची, मग तीनदा स्फटिक पाडायचे, मग वाळवायची. चार दिवस. शेजारच्या प्रयोगशाळेत तीच पूड चांदीचा क्षार वापरून तासाभरात व्हायची. चांदी राखाडी होऊन खाली बसते, गाळून टाकायची, झालं. आमच्याकडे अर्थातच ते निषिद्ध होतं. सरांच्या पुडीनं काम व्हायचं, पण रडतखडत. कधी दीड दिवसानं वरचा डाग अंधूक दिसायचा, कधी दिसायचाच नाही. तीन वर्षं हे चाललं होतं. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती, सरांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि विभागप्रमुख रोज व्हरांड्यात विचारायचे, "साहब का सोना जागा कि नहीं?"

त्यात नणंदेचं लग्न आलं. शिरपूरला चार दिवस जायचं होतं. रेणू तपासायच्या मोठ्या मशीनवर आमची पाळी बरोबर त्याच्या आदल्या दिवशी लागली होती, ती गेली की पुन्हा दोन महिने नाही. आणि सकाळी बाटली उघडते तर निळी पूड संपलेली. सर त्या दिवशी बारडोलीला एका महाविद्यालयात तोंडी परीक्षा घ्यायला गेले होते. मी शेजारच्या प्रयोगशाळेत गेले, त्यांचा चांदीचा क्षार घेतला, तासाभरात पूड केली. दोनदा गाळली. सरांच्या बाटलीत भरली. वहीत लिहिलं, नेहमीच्या पद्धतीनं.

वरचा डाग चाळीस मिनिटांत आला.

लग्नाहून परत आले तेव्हा सर दारातच उभे होते. "पुन्हा कर," म्हणाले. मी त्याच बाटलीतून पूड घेऊन पुन्हा केलं, पुन्हा चाळीस मिनिटं. तिसऱ्यांदा केलं. त्यांनी तिन्ही प्लेटा एका ओळीत मांडल्या. मग त्यांनी मला शोधनिबंध लिहायला बसवलं. ते सांगत होते, मी लिहीत होते. "या कामात कोणत्याही टप्प्यावर चांदी वापरलेली नाही," हे वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी ते माझ्या हातानं लिहिलं. माझा हात थांबला नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे मी बरंच काही बोलणार आहे.

निबंध स्वीकारल्याचं पत्र आलं. विभागप्रमुखांनी पेढे वाटले, वर्खाशिवाय. मग ती बाटली संपली.

नवी पूड मी सरांच्या पद्धतीनं केली, चार दिवस घालवून. डाग काही येईना. एक दिवस गेला, दुसरा गेला, मग कुठे अंधूक काहीतरी. सरांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी दोन्ही प्लेटा शेजारी धरल्या आणि म्हणाले, "मधली बाटली खोटी होती. तिच्यात चांदी होती. कुठून आली?"

मी बाटल्या धुवायला घेतल्या.

पुढचे दोन आठवडे मला विसरता येत नाहीत. त्या माणसानं चांदी शोधली. विद्रावकं पुन्हा ऊर्ध्वपातित केली. सगळी लाल ठिपक्यांची भांडी फोडून नवी आणवली. ऊर्ध्वपातनाच्या टाकीतलं पाणी तपासलं, तापीच्या पाण्यात काही येतंय का म्हणून. माझ्या पायाच्या बोटांचा दोरा काढून जाळून त्याची राख तपासली. माझ्यावर मात्र संशय घेतला नाही. वहीत लिहिलेलं होतं ना, नेहमीच्या पद्धतीनं.

एका सोमवारी ते आले ते गाल सुजलेला, तोंडात कापूस. मी म्हटलं, "सर, काय झालं?" त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढून माझ्यासमोर उघडली. आत दाढ होती. मुळासकट. दाढेत काळपट चांदी भरलेली. त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी कागदावर लिहून दाखवलं, 'तोंडानं पिपेट ओढत होतो. इथून आली असंल.'

एवढ्या मोठ्या माणसाला एवढं बिनडोक कसं असता येतं? दाढेतल्या चांदीतून पिपेटमध्ये काही उतरत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्यांना दुसरं काही सापडतच नव्हतं, कारण उरलेल्या सगळ्यावर त्यांचा विश्वास होता. मी त्या दाढेकडे पाहिलं आणि सगळं सांगितलं. शेजारची प्रयोगशाळा, चांदीचा क्षार, वही.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी कापूस काढला आणि विचारलं, "किती डाव गाळली?"

"दोनदा."

"पुरत नाही," म्हणाले. आणि दाढ पुडीत बांधून खिशात ठेवली.

त्याच दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. संपादकांना पाठवलेलं पत्र मला दाखवलंच नाही. ते मी पुढे महिन्याभरानं कार्यालयात पाहिलं. त्यात एवढंच होतं की पूड बनवताना चांदी वापरली गेली, चूक माझी आहे. माझी म्हणजे सरांची. माझं नाव कुठेच नव्हतं. मला कोणी विचारलं नाही, मला कोणी सांगितलं नाही. माझी चूक होती ती. घाणेरडी असो, पण माझी. ती परस्पर उचलून स्वतःच्या नावावर लावून घ्यायचा यांना काय हक्क होता? मला आजही हे पटत नाही.

निरोपसमारंभ झाला तो असा. विभागप्रमुखांनी हातात माइक घेतला आणि म्हणाले, "साहब ने सारी ज़िंदगी चांदी को दरवाज़े के बाहर रखा. और चांदी तो अंदर बैठी थी, साहब की बोतल में." लोक हसले. पोटभर हसले. मग त्यांनी भेट दिली, संस्थेचं चिन्ह कोरलेलं चांदीचं नाणं, मखमली डबीत. निवृत्त होणाऱ्या सगळ्यांना तेच देतात, असं नंतर मला सांगण्यात आलं. असेल. सरांनी डबी दोन्ही हातांत धरली होती आणि गाल आत गेला होता, तिथे दाढ नव्हती.

मी उठून उभी राहिले. मी म्हटलं, "चांदी मैंने डाली थी. साहब को पता भी नहीं था. वही में झूठ मैंने लिखा."

सर माइकशिवाय म्हणाले, "बस खाली." मी बसले नाही. "बस म्हणतो न."

नंतर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज न चढवलेला माणूस, त्या दिवशी चढवला. "तुले कोणी विचारलं होतं? आता तुह्या प्रबंधाची कमिटी बसंल. डिग्री गेली तर? मी कायले माहं नाव टाकलं मंग?"

"मला न विचारता टाकलंत तुम्ही."

"तू मले विचारून चांदी टाकली होती का?"

यावर मी आणखी चिडले.

कमिटी बसली. याच कामाचं पाचवं प्रकरण प्रबंधातून काढलं, एका वर्षात ते पुन्हा प्रामाणिकपणे करून दाखवा म्हणाले, आणि मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुखांचं नाव घातलं. त्या वर्षात ते प्रयोगशाळेत दोनदा आले. दाराची पाटी त्यांनी काढायला लावली, वाटी मी स्वतः कपाटात ठेवली. चांदी मात्र मी बाहेरच ठेवत राहिले. हळूहळू कळलं की दोष विद्रावकात राहिलेल्या पाण्याचा होता. विद्रावक ठणठणीत कोरडं केलं, पूड चारदा स्फटिक करून घेतली, की वरचा डाग येत होता. तीस तासांत. चाळीस मिनिटांचा दिमाख नाही, पण दर वेळी येत होता. चांदीचा कण नसताना.

हे मी पर्वत पाटियाला सरांच्या खोलीवर जाऊन सांगितलं. तिथे ते एकटेच राहत होते. त्यांनी प्लेटा पाहिल्या.

"पूड कोणी केली?"

"मी."

"कोणी पाह्यलं?"

"कोणीच नाही. तिथे आता मी एकटीच असते."

त्यांनी प्लेटा परत दिल्या. रागानं नाही, जपून, कडेला धरून. मी म्हटलं, "मग तुम्ही येऊन पाहा."

आणि इथे संस्थेनं आपले दात दाखवले. तीस वर्षं जिथे नोकरी केली तिथे सरांना आत यायला पास लागणार होता, आणि पास द्यायला विभागप्रमुखांची सही. त्यांनी विम्याचं कारण सांगितलं, सुरक्षेचं सांगितलं, मग म्हणाले, पुढच्या महिन्यात बघू. मी त्यांच्या खोलीबाहेर बाकड्यावर बसले. सकाळी दहाला यायचे आणि पाचला उठायचे. सहाव्या दिवशी त्यांनी सही केली, सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच, एकच आठवडा.

सर सोमवारी आले. गेटवरच्या माणसानं त्यांची पिशवी उघडून पाहिली. ते आत आले, स्टूल ओढलं आणि माझ्या ओट्यापासून दोन हातांवर बसले. कशाला हात लावला नाही. चार दिवस त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. बाटली उचलली की त्यांचे डोळे बाटलीबरोबर वर, ठेवली की खाली. मी पाणी प्यायला बाहेर गेले की ते फ्लास्कशेजारी जाऊन उभे राहत. रोज पाचला अर्धवट पूड आणि बाटल्या मला कपाटात ठेवायला लावून किल्ली स्वतःबरोबर नेत. दुकानात शिरलेल्या चोरावर ठेवावी तशी नजर. मला इतका अपमान कधी वाटला नाही, आणि मी बोलू काय शकत होते? गुरुवारी संध्याकाळी पूड तयार झाली. शुक्रवारी सकाळी दहा वाजता मी सोनं घेतलं, पूड टाकली, द्रावण हिरवं झालं. सर घड्याळ लावून बसले. एक वाजता प्लेट, तीन वाजता प्लेट. फक्त खालचा डाग.

पाच वाजता गेटवरचा माणूस वर आला. मी म्हटलं, उद्यापर्यंत राहू द्या. तो म्हणाला, "बेन, पास पाँच बजे तक का है." मी विभागप्रमुखांना फोन लावला, उचलला नाही. ढवळत असलेला फ्लास्क कपाटात कुलपात ठेवता येत नव्हता. सर उठले, स्टूल होतं तिथे ठेवलं आणि त्याच्याबरोबर खाली गेले.

शनिवारी दुपारी वरचा डाग आला. गडद, स्वच्छ.

रविवारी मी प्लेट आणि वही घेऊन पर्वत पाटियाला गेले. सरांनी खिडकीपाशी जाऊन प्लेट पाहिली. उजेडात फिरवून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखते, चौकटीवर खडूनं सोनं काढताना ते तसे दिसले होते. मग त्यांनी विचारलं, "काल पाचच्या नंतर फ्लास्कपाशी कोण होतं?"

"परवा, सर. परवा पाचनंतर. मीच होते."

"हो. परवा."

"म्हणजे तुम्ही अजून मला खोटी समजता?"

"मी तुले काहीच समजत नाही. मी घरी होतो."

मी वही त्यांच्यापुढे टाकली. ठेवली नाही, टाकली. म्हटलं, मग लिहा, जे काही लिहायचं असेल ते लिहा. सरांनी पेन घेतलं, चष्मा लावला आणि त्या पानाच्या खाली लिहिलं, 'पाच वाजेपर्यंत मी पाहिलं. तोवर चांदी नव्हती.' खाली सही केली, तारीख घातली आणि वही मला परत दिली.

परीक्षकांनी पाचव्या प्रकरणावर एकही प्रश्न विचारला नाही, मला डिग्री मिळाली. ते पान प्रबंधाच्या शेवटी जोडलेलं आहे. पाच वाजेपर्यंतच्या कामाखाली सरांची सही आहे. त्यानंतरच्या तेवीस तासांना फक्त माझा शब्द आहे.